औंधच्या गाण्याआधीचा मुक्काम

औंधचा संगीत महोत्सव अश्विन वद्य पंचमीला, शिवानंद स्वामींच्या पुण्यतिथीला होतो. कोजागिरीनंतरचा हा पाचवा दिवस बहुधा ऑक्टोबरात येतो. अधिक मासाच्या वर्षी नोव्हेंबरही उजाडतो. पाऊस सरलेला असतो आणि दुपारचे ऊन पुन्हा उन्हाळ्यासारखे तापू लागते. खटाव तालुक्यातल्या या गावी पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-सांगलीचे रसिक येतात. त्यांतले जाणकार थेट औंध गाठत नाहीत. आदल्या दिवशीच ते साताऱ्यात, कोरेगावात, कराडला किंवा विट्याला कुणा स्नेह्याकडे उतरतात. या मुक्कामाची नोंद कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नसते, पण औंधचे गाणे ऐकण्याची सुरुवात तिथूनच होते.

ही रीत समजण्यासाठी आधी गाव समजले पाहिजे. औंध हे पंतप्रतिनिधींचे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी आणि किर्लोस्करवाडी ही दोन्ही ठिकाणे त्यात होती. 1909 ते 1947 या काळात गादीवर असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक होते. त्यांनी 1939 मध्ये प्रजेला राज्यघटना देऊन कारभार लोकांच्या हाती सोपवला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, इथले दरबारगायक अनंत मनोहर जोशी यांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. संस्थान विलीन झाले, राजाश्रय संपला, तरी उत्सव टिकला. इतक्या लहान गावात शास्त्रीय संगीताचा उत्सव पिढ्यान् पिढ्या चालावा, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

अनंत मनोहर म्हणजे अंतूबुवा. ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरुबंधू. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजली ती मुख्यतः बाळकृष्णबुवांमुळे, आणि तीही दुसऱ्याच्या ओसरीवर राहून. गाणे शिकायचे म्हणून घर सोडावे, वाटेत माधुकरी मागावी, गुरूच्या घरी पडेल ते काम करावे आणि कृपा झाली की तालीम मिळावी, असा तो काळ होता. त्या पिढीत परक्या घरी राहिल्यावाचून विद्या मिळतच नसे. आज रसिक स्नेह्याकडे एक रात्र काढतो त्यात त्या कष्टांचा अंशही नाही. पण गाण्यासाठी कुणाच्या तरी घरचे अन्न खावे लागते, हा धागा तोच आहे.

अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (1911–1987) यांनी हा वारसा रुंद केला. वडिलांकडची ग्वाल्हेर गायकी त्यांच्यापाशी होतीच. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे, जयपूर घराण्याचे भूर्जी खाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडूनही विद्या घेतली. व्हायोलिनवर तर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. 1981 मध्ये त्यांनी शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापन केले आणि उत्सवाला संस्थेचा आधार दिला. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर अशा त्यांच्या शिष्यांमुळे ही परंपरा आज मैफिलींतही जिवंत आहे.

आदल्या दिवशी पोहोचण्याचे पहिले कारण अगदी व्यवहाराचे आहे. औंधला रेल्वे नाही. पुणे–मिरज मार्गावरचे रहिमतपूर हे जवळचे स्थानक. तिथून पुढे रस्त्याने जायचे. मुंबईहून रात्रभर बसमध्ये बसून सकाळी उतरलेल्या माणसाचे शरीर औंधात असते, कान मात्र अजून घाटातच असतात. विलंबित ख्याल ऐकायला स्वस्थपणा लागतो. बडा ख्याल मांडणारा गवई समेवर येण्याची घाई करत नाही, मग ऐकणाऱ्याने तरी पेंगत का ऐकावे?

दुसरे कारण वेळेच्या रागांचे आहे. शहरातल्या मैफिली बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे यमन, पूरिया, मारुबिहाग कानांवरून अनेकदा जातात. तोडी आणि सारंग मात्र ध्वनिमुद्रणांतच भेटतात. दिवसा सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणाऱ्या उत्सवात सारंग दुपारच्याच उन्हात ऐकता येतो, भीमपलासला त्याची उतरती दुपार मिळते. त्यासाठी सकाळी ताजेतवाने असणे भाग आहे, आणि ते यजमानाच्या घरी झोपूनच साधते.

यजमान घर साधे असते. या दिवसांत बाजरी नुकतीच हाती आलेली असते. रात्री भाकरी, कोरेगावच्या वाघा घेवड्याची उसळ, ठेचा आणि दही असा बेत होतो. आग्रह असतो, पण वाढणाऱ्या वहिनींनाही दुसऱ्या दिवशी गाण्याला यायचे असते, म्हणून पंगत लांबत नाही. जेवणानंतर गजाननबुवांची एखादी जुनी चीज लावली जाते. मग कोणता राग कुणी कसा मांडला, अमक्या वर्षी पाहुण्या गायकाने काय गायले, तबल्याला कोण होते, यावर बोलणे रंगते. ही चर्चा तज्ज्ञांची नसते. शिक्षक, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले काका असे लोक ती करतात, आणि तिच्यातून कान तयार होतात. एकट्याने कितीही ऐकले तरी हे तयार होणे कमी पडते.

परदेशातही सोयीवाचून भरलेल्या उत्सवाची गोष्ट सांगितली जाते. 1876 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बायरॉइट या लहान गावात वाग्नर यांचा पहिला महोत्सव भरला. रशियन संगीतकार चायकोव्हस्की तेव्हा वार्ताहर म्हणून तिथे होते. गावात पाहुण्यांना अन्न पुरेना, आणि लोक संगीतापेक्षा जेवणाविषयीच अधिक बोलतात, असे त्यांनी लिहिले. भव्य रंगगृह बांधले तरी त्याभोवती यजमान घरे नसतील तर ऐकणाऱ्याचे काय होते, हे त्यावरून कळते. औंधला तसे रंगगृह नाही, पण आसपासच्या गावांतली घरे आहेत.

पंचमीच्या सकाळी लवकर निघालेल्यांना औंधात गाण्याआधी थोडा वेळ मिळतो. टेकडीवर यमाईचे देऊळ आहे. तिथेच बाळासाहेबांनी 1938 मध्ये उभारलेले भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्प एका संस्थानिकाच्या आवडीमुळे खटावच्या या टेकडीवर आली. संग्रहालय घाईत पाहू नये; वेळ कमी असेल तर एकच दालन निवडावे आणि तानपुरे जुळण्याआधी खाली उतरावे.

रात्री कार्यक्रम संपल्यावर सातारा-कराडकडे जाणारी वाहने कमी असतात. त्यामुळे यजमानाच्या गाडीत किती जण मावतील, हे आदल्या रात्रीच ठरवलेले बरे. अनुभवी पाहुणे दुसऱ्या रात्रीचाही मुक्काम सांगून ठेवतात, आणि नवे कॅलेंडर घरात आले की पुढच्या अश्विन वद्य पंचमीचा वार पाहून यजमानाला कळवतात.