थेंबाचा हिशेब, फडाचा नेम

केळी हे मुळात दमट हवेचे पीक असून ते वर्षाला साधारण 1800 ते 2000 मिलिमीटर पाणी मागते, तर जळगाव जिल्ह्याचा पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास थांबतो. त्यामुळे रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील बागांची तूट प्रामुख्याने भूजलातून, विशेषतः बझाडा पट्ट्यातून, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळू साचून बनलेल्या आणि पाणी झपाट्याने मुरवणाऱ्या थरांतून, भरून काढावी लागते. लहान बागायतदाराच्या वहीत मात्र या साठ्याला रकाना नसतो; तेथे पाणी पंपाच्या खर्चापुरतेच दिसते.

ठिबकाने मुळाशी मोजून पाणी आणि त्यातूनच विद्राव्य खत देता आले, आणि ग्रँड नैन या केळीच्या वाणाच्या ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत पेशीसमूहापासून वाढवलेल्या, रोपांमुळे दीड वर्षाचे पीक वर्षभरात निघू लागले. पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे 1740 खोडे बसतात. हे यश खरेच आहे. पण झाडामागे वाचलेले पाणी जमिनीतच राहिले असे म्हणता येत नाही, कारण बचत झाली की बाग वाढते. याचा दोष शेतकऱ्याच्या हावेला देणे (शहरी लेखणीला ते फार आवडते) अन्यायाचे ठरेल: बुऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव कोसळला की दोन एकरवाल्याला तोटा भरून काढायला क्षेत्र वाढवण्यावाचून दुसरा मार्ग क्वचितच उरतो.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी, सुमारे 300 वर्षांची फड पद्धत वेगळ्या हिशेबावर उभी राहिली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखाली तीन-चार फड, म्हणजे शेतांचे गट, अशी तिची मांडणी असे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असल्यामुळे, पाणी कमी पडून पंचांनी एखादा फड कोरडा ठेवायचे ठरवले, तर टंचाई एकट्यादुकट्याच्या माथी न बसता सर्वांत वाटली जाई. पाणी सोडायला पाटकरी असे, राखणीला जागल्या. येथे आधी पाणी मोजले जाई, मग क्षेत्र ठरे. ठिबकाच्या बागेत क्रम उलटला आहे.

फडाची नक्कल रावेरात होणे कठीण आहे, कारण पाटाचे पाणी सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहत होते आणि कूपनलिकेचे पाणी ज्याच्या त्याच्या बांधाखाली, न दिसता, एकमेकांकडून ओढले जाते. उन्हाळ्यात कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याअखेरीस लावलेली केळी, घड टाकत असताना पंप किती तास ओढतो, एवढेच त्याचे माप हाती उरते.