अडीच सूत

इचलकरंजीत सूत म्हणजे मागावरचा धागा. आमच्या घरात मात्र सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अब्बा पॉवरलूमच्या दुरुस्तीची कामं करायचे. ड्रिल मागताना ते कधी मिलिमीटर म्हणायचे नाहीत. 'दोन सूत दे' म्हणजे पाव इंच, 'तीन सूत' म्हणजे तीन अष्टमांश, आणि 'अडीच सूत' म्हणजे पाच सोळांश.

मी आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो. मला हे सगळं जुनाट वाटायचं. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ सालीच झाला, मग हे अजून सुतात का अडकलेत? पण जुने माग इंचातले होते आणि कायदा झाला म्हणून लोखंड बदलत नाही.

रमजानचे शेवटचे दिवस होते. एका मागाचा ब्रॅकेट तुटला. अब्बांची तब्येत बरी नव्हती, म्हणून मी गेलो. जुन्या बोल्टला व्हर्नियर लावला, माप आलं ७.९. घासला असेल, म्हणजे ८ मिलिमीटरच, असं मी ठरवून टाकलं. आठाच्या टॅपला ६.८ चं ड्रिल लागतं, हे मला पाठ होतं. आठातून आट्यांमधलं अंतर, सव्वा, वजा करायचं, झालं. नवा ब्रॅकेट केला, भोक पाडलं, टॅप फिरवला.

बसवताना जुना बोल्ट दोन फेरे गेला आणि अडला. नवं काम आहे, घट्ट असणारच, म्हणून मी पाना लावून जोर दिला. आटे सोलून निघाले.

अब्बा रोजा सोडून आले. त्यांनी आधी बोल्ट हातात घेतला, मग खिशातलं आटे मोजायचं गेज लावलं. इंचात अठरा आटे. तो अडीच सुताचा बोल्ट होता. पाचाला पंचवीस दशांश चारने गुणा, सोळाने भागा: ७.९३७५ मिलिमीटर. आठात आणि त्यात केसाएवढाच फरक. पण २५.४ भागिले १८ म्हणजे एका आट्याला १.४१ मिलिमीटर, आणि माझे आटे सव्वाचे. जाडी जवळपास तीच, चाल वेगळी. त्याला भोक साडेसहाचं हवं होतं.

अब्बा रागावले नाहीत. तीन सुताच्या टॅपला अडीच सुताचं ड्रिल लागतं. त्यांनी तेच लावून भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, समोरच्या पट्टीचं भोकही वाढवलं आणि जाड बोल्ट बसवला. माग सुरू झाला तेव्हा सहेरीची वेळ होत आली होती.

त्या मागावरचा कामगार रात्रभर बाजूला बसून होता. मजुरी मीटरवर. माग बंद, तर मीटर शून्य. ईद चार दिवसांवर होती. अब्बांनी त्याच्या एका पाळीचे पैसे त्याच्या खिशात घातले. तो 'राहू द्या, चाचा' म्हणत होता. घरी येताना अब्बा एवढंच म्हणाले, "बेटा, तू माप घेतलंस, पण विचारलं नाहीस की हे माप कुणाचं."

आता अब्बा नाहीत. त्यांचा ड्रिलचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. कित्येक ड्रिलच्या दांड्यावरचे आकडे पुसून गेलेत, तेव्हा टोकाशी, धारेवर व्हर्नियर लावून माप घेतो. इंचाचे मिलिमीटर फोन करून देतो: सूत गुणिले ३.१७५. हिशेब एवढासाच आहे. पण जुना बोल्ट हाती आला की मी आधी त्याचे आटे मोजतो, आणि दर वेळी खिशात पैसे नको म्हणणारा तो माणूस आठवतो.