पुस्तकातला विवेकी माणूस आणि आमची माय

अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक विवेकी माणूस राहतो. त्याला बाजारातील सारे भाव ठाऊक असतात, पुढचे दिसते, हिशेबात तो कधी चुकत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी प्रथम मीच चढले. असा सर्वज्ञ गृहस्थ आमच्या गावात मी कधी पाहिला नव्हता.

सरांनी वर्गात त्याचीच परीक्षा घेतली. चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने ० ते १०० मधील एक संख्या लिहायची. सर्वांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाला जो सर्वांत जवळ, तो जिंकला. सगळ्यांनी १०० लिहिले तरी उत्तर ६७ च्या वर जात नाही. हे सर्वांनी ओळखले तर ६७ चे ४५ होतात, ४५ चे ३०. असे उतरत शेवटी शून्य उरते. पुस्तकातला माणूस शून्यच लिहील. आमची सरासरी आली ३६, आणि जिंकला २४ लिहिणारा. शून्य लिहिणारा हुशार विद्यार्थी हरला! बाकीचे एक-दोन पायऱ्या उतरून थांबले होते.

सर म्हणाले, यालाच मर्यादित विवेक म्हणतात. हा विचार मांडणारे हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणूस मूर्ख नसतो. पण माहिती, वेळ आणि बुद्धी यांना मर्यादा असतात. म्हणून सर्वोत्तम पर्याय शोधत न बसता, पुरेसा चांगला मिळाला की तो थांबतो.

मला माय आठवली. चैत्रात वेचलेली मोहफुले वाळवून ती लगेच व्यापाऱ्याला विकते. पावसाळ्यात भाव चढेल म्हटले, तर म्हणते, "पोरी, तेल-मीठ त आजच लागते ना! अन् पावसात फुलं ओलावली त?" जंगलातल्या लोकांना व्यवहार कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उत्तर ऐकावे. साठवायला कोरडी जागा आणि चार महिने थांबण्याची ऐपत असती, तर तीच माय वेगळे ठरवती.

मर्यादा रुंदावताही येतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट आधी माहिती जमवतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकला. एकट्याला न पेलणारा हिशेब गावाने मिळून पेलला.

मित्रहो, परीक्षेत विवेकी माणसाची व्याख्या मी लिहीनच. पण तिच्याखाली उदाहरण मात्र मोहफुलांचे देईन.