ओल्या वाळूवरचे पाऊल

डहाणूच्या किनाऱ्यावर पहाटे धावणारी मुले मध्येच थांबून ओल्या वाळूतले स्वतःच्याच पावलांचे ठसे निरखतात, हे प्रथम पाहिले तेव्हा आम्हांला त्यात काव्य दिसले होते. काव्य वगैरे काही नव्हते. तळव्याची कमान ठशात दिसते की सारा तळवा सपाट उमटतो, एवढेच ती पाहत होती. सपाट तळवा सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत बाद ठरू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. मराठी शिकवणाऱ्या आम्हांला नव्हते.

२०२२ साली अग्निपथ योजना आली आणि पुढच्याच वर्षापासून आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान, मग वैद्यकीय असा क्रम लागला. मैदानाची तयारी मुले आपली आपण करतात. वैद्यकीय तपासणीची तयारी म्हणजे काय, हे मात्र त्यांना धड कोणी सांगत नाही. पाय जुळवून उभे केले की गुडघे एकमेकांना घासतात का, हात सरळ सोडला की कोपर किती बाहेर वळतो, पोटरीवर शिरा फुगल्या आहेत का, हे सारे पाहतात. छाती ७७ सेंटीमीटर, श्वास भरल्यावर आणखी ५. दातांनाही गुण असतात, किमान १४ लागतात. रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे वाचायला देतात (शिनोबू इशिहारा या जपानी वैद्याने १९१७ साली प्रसिद्ध केलेले हे तक्ते, तेही मुळात सैन्यासाठीच). गोंदणाला एरवी कडक मर्यादा आहेत. आदिवासींच्या रूढीतल्या गोंदणाला सवलत आहे. आणि शेवटी अंगावरचे उरलेले वस्त्रही उतरवून खोकायला सांगतात. अंतर्गळ, अंडवृद्धी, मूळव्याध पाहायची असते. वर्गात हे सांगताना आमची जीभ अडखळली, हे कबूल केले पाहिजे. शृंगाररसावर तासभर बोलणाऱ्यांना हे चार शब्द जड गेले.

पण हा खटाटोप आम्ही सुरू केला तो एका मुलामुळे. तलासरीकडच्या पाड्यावरचा, वारली. मैदानात पुढे असलेला. तपासणीहून परतला तो थेट वर्गाच्या दाराशी आला. "सर, मी अनफिट," एवढेच बोलला. आम्ही पाठीवर हात ठेवला, पुढच्या वेळी बघू म्हणालो. त्याच्या हातातला कागद आम्ही मागितला नाही. दीड महिन्याने तो कागद कसल्याशा दाखल्यासाठी समोर आला तेव्हा कळले की 'अनफिट'च्या आधी 'टेम्पररी' असा शब्द होता, कानात मळ साचल्याने पडदा दिसला नाही असे कारण होते, आणि फेरतपासणीसाठी लष्करी रुग्णालयाचे नाव व तारीखही होती. तारीख केव्हाच उलटली होती. मुलगा घोलवडच्या चिकूच्या वाडीत कामाला लागला होता. पुढच्या भरतीच्या वेळी त्याचे वय बसले नाही.

दोष कोणाला द्यायचा? कागद लिहिणाऱ्याने त्याचे काम चोख केले होते. मुलाने एकच शब्द ऐकला, आणि तो आजारापेक्षाही नामुष्कीचा वाटून कागदाची घडी घातली. तो वाचून देणे ज्यांचे काम होते ते आम्ही.

याच तलासरीतल्या झरी गावी १९४५ साली वारली एकत्र आले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण सगळेच शिकवतो. आपले अंग आपल्या मालकीचे आहे, हे म्हणायला त्या माणसांना केवढी किंमत मोजावी लागली! त्यांचा नातू आज ते अंग आपखुषीने तपासायला देतो. सावकाराची आणि डॉक्टरची तुलना इथे करू नये. ती सोपी आहे आणि खोटी आहे. नातवाला कारण विचारायचा आणि पुन्हा तपासून घ्यायचा हक्क आहे. फक्त तो हक्क एका इंग्रजी ओळीत होता.

तेव्हापासून भरतीच्या आधी आम्ही एक मराठी कागद वाचून दाखवतो. कान आधी डॉक्टरकडून साफ करून घ्या, काडी घालू नका, इथपासून सुरुवात असते.

गेल्या उन्हाळ्यात तोच मुलगा धाकट्या भावाला घेऊन आला. "सर, याला तो कागद वाचून दाखवा." आम्ही कागद त्याच्याच हातात दिला. त्याने उभ्यानेच वाचला. 'फेरतपासणी' या शब्दाशी जरा थांबला, मग ती ओळ भावाला दोनदा वाचून दाखवली.