हे कुणाला म्हणता येणार नाही?

तीन माणसं आहेत. एक कायम खरं बोलणारा, एक कायम खोटं बोलणारा आणि तिसरा लहरी, कधी खरं तर कधी खोटं बोलणारा. प्रत्येकाचं एकेक वाक्य कागदावर आहे: ‘मी कायम खरं बोलतो’, ‘मी कधी खरं, कधी खोटं बोलतो’, ‘मी कायम खोटं बोलतो’. कोणतं कुणाचं? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं बहुधा पहिलं वाक्य खऱ्याच्या नावावर टाकून मोकळी होतात. उत्तर बरोबर येतं, पण सिद्ध काहीच होत नाही, कारण ते वाक्य तिघांनाही म्हणता येतं. मी शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. ‘मी कायम खोटं बोलतो’ हे खऱ्याला म्हणता येणार नाही. खोटारड्यालाही नाही, कारण मग तो खरं बोलून बसेल. उरला लहरी. दुसरं वाक्य खऱ्याचं असू शकत नाही, लहरी तर आधीच संपला, म्हणून ते खोटारड्याचं. पहिलं वाक्य खऱ्याच्या पदरात पडतं ते सर्वांत शेवटी. वाक्य कुणाला शोभतं हे विचारूच नये. कुणाला ते म्हणताच येणार नाही, एवढं विचारावं.

सोलापूर जिल्ह्यात ही रीत खेळापुरती राहत नाही. सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांवर ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हे अंकित, म्हणजे नाममुद्रा असते, अक्कमहादेवींच्या वचनांवर ‘चेन्नमल्लिकार्जुन’. अर्धीच वाचली तर घोटाळा ठरलेला. तरी तिथे पूर्ण मुद्रा वाचून बराचसा निवाडा होतो. पंढरपूरचं कोडं अवघड आहे. नामदेव १३५० मध्ये समाधिस्थ झाले आणि सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा कवी होऊन गेला. दोघांचीही नाममुद्रा ‘नामा’, त्यामुळे नामदेवांच्या गाथेत दोघांचे अभंग मिसळले. इथे नाममुद्रा आपल्या कोड्यातल्या पहिल्या वाक्यासारखी आहे, कुणालाही लावता येणारी. निर्णय करतो तो मजकूर. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले ते १३३८ मध्ये. त्याबद्दलचा शोक नामदेवांना करता येतो, विष्णुदासालाही. पण तोच प्रसंग ‘चोखा म्हणे’ असा संपणाऱ्या अभंगात घडून गेलेला म्हणून आला, तर तो चोखोबांचा नव्हे. ‘नामा’ मुद्रेच्या अभंगात पंधराव्या शतकातले कबीर आले, तर नामदेवांचं नाव खोडावंच लागेल.

यावर रास्त आक्षेप असा की, अभंग मुखोद्गत चालत आले, उतरवून घेणाऱ्याने एखादं चरण मागाहून घातलं असेल. एका चरणापायी सगळा अभंग का नाकारायचा? खरं आहे. म्हणून खोडायचं ते आधी चरणापुरतं, आणि ते चरण काढल्यावर बाकीचा अभंग अर्थाने व छंदाने उभा राहतो का ते पाहायचं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कोड्यात माणसं तीनच असतात. परंपरेत तिसरा, चौथा, ओळख मागे न ठेवलेला ‘नामा’ही असू शकतो. तिथे एक नाव खोडलं म्हणून दुसरं सिद्ध होत नाही. भाषेचं जुनेपण थोडी मदत करतं, पण गाणाऱ्यांच्या तोंडी भाषा बदलत जाते, त्यामुळे तो पुरावा एकटा पुरत नाही. शैलीवरून कौल देणाऱ्यांवर माझा विश्वास त्याहून कमी आहे; शैलीचं अनुकरण होतं, आणि भक्त तर ते प्रेमाने करतो.

दोन नावं शिल्लक राहिली तर कोडं सुटलेलं नसतं. गाथेच्या संपादकांनी अशा अभंगावर सोयीचं नाव घालू नये. दोन्ही नावं छापावीत आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवावं.