विसावी चाल

एकोणिसाव्या चालीपर्यंत हा डाव कुणाचाही असू शकला असता. १९३४ सरून १९३५ लागतानाची थंडी, हेस्टिंग्जचा इंग्लिश किनारा, समोर माजी जगज्जेता कापाब्लांका, आणि पटाच्या अलीकडे बुडापेस्टमध्ये वाढलेला तेवीस वर्षांचा आंदोर लिलिएन्थाल. पांढऱ्याचा वजीर सी-२ वर, काळ्याचा ई-४ वर, दोघे एकमेकांवर नजर रोखून. इथे कुणीही शहाणा माणूस वजिरावजिरी करेल, निदान आपला वजीर सांभाळेल. लिलिएन्थालने ई-५ वरचं प्यादं उचललं आणि एफ-६ वरचा घोडा मारला.

वजीर तसाच उघड्यावर.

हा डाव मी रात्री पटावर मांडते, तेव्हा कापाब्लांकाने वजीर मारल्यानंतरच्या त्या दोन-तीन चालींपाशी माझा हात रेंगाळतो. कारण एवढं मोठं काही गमावल्यावर माणूस घाईने काहीतरी परत मिळवायला धावतो, शह देतो, निदान आवाज तरी करतो, आणि इथे मात्र पांढऱ्याकडे कसलीच लगबग नाही. प्यादं तिरकं जाऊन समोरचं प्यादं मारत जी-७ वर बसतं, आणि कोपऱ्यातल्या हत्तीला मुकाट्याने शेजारच्या घरात जावं लागतं. मग ई-२ वरचा घोडा डी-४ वर येतो, वजिरावर चालून जातो आणि आपल्यामागे ई-पट्टी मोकळी करून ठेवतो. काळा वजीर धावत ई-४ वर परततो, आपल्या राजाला आडोसा द्यायला. आणि आता, इतका वेळ ए-१ वर गप्प बसलेला हत्ती ई-१ वर येऊन उभा राहतो. वजिराच्या पाठीशी राजा, त्यामुळे त्याला पट्टी सोडता येत नाही. सव्विसाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला.

दिलेलं परत आलं. तेही सावकाश, आपल्या पायांनी.

सत्तावन्न वर्षांनी, १९९२ मध्ये, फिशर आणि स्पास्की पुन्हा एकमेकांसमोर बसले तेव्हा म्हातारा लिलिएन्थालही तिथे गेला होता. सांगतात, की फिशरने त्याला पाहताच नमस्कार म्हणून ती चालच उच्चारली: ई-५ वरचं प्यादं एफ-६ वर. एका माणसाने दुसऱ्याला याहून प्रेमाने कशी हाक मारावी, मला सुचत नाही.

पण आयुष्य पटाइतकं आटोपशीर नसतं. मॉस्कोत १९११ साली जन्म, अगदी लहानपणी बुडापेस्ट, शिंप्याच्या हाताखालचं काम, मग युरोपभरच्या कॅफेंतल्या धुरकट टेबलांवरचे डाव, हंगेरीच्या संघातून ऑलिंपियाड. आणि १९३५ मध्ये स्पर्धेसाठी गेलेला हा तरुण मॉस्कोतच राहिला. जन्मगावी परतला म्हणावं, की घर सोडून गेला म्हणावं? दोन्ही खरं असणार. १९४० ची सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा त्याने बोंदारेव्स्कीच्या जोडीने जिंकली, बॉट्विनिक आणि केरेससारख्यांना मागे टाकून. पुढच्याच वर्षी सहा जणांची वेगळी स्पर्धा झाली, आणि त्या सहांत लिलिएन्थाल आणि बोंदारेव्स्की हेच दोघे तळाला राहिले.

१९५० चा वसंत मला सगळ्यांत जास्त छळतो. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा बुडापेस्टमध्ये होती. डॅन्यूबचं तेच पाणी, तेच पूल, ज्या भाषेत तो लहानाचा मोठा झाला ती चहूबाजूंनी कानावर पडणारी. आणि त्याच्या नावापुढे सोव्हिएत संघ. हंगेरीकडून साबो खेळत होता. दोघांचे गुण सारखेच झाले, सात-सात, तळाशी, चेकोस्लोव्हाकियाहून रशियात गेलेल्या फ्लोहरच्या सोबतीने. रोज संध्याकाळी खेळ संपल्यावर लिलिएन्थाल कुठल्या रस्त्याने चालत गेला असेल? बुडापेस्टला तो कायमचा परतला १९७६ मध्ये, म्हणजे पासष्टीला. हे परत येणंही सावकाशच झालं.

मधली वर्षं त्याने साहाय्यक म्हणून दुसऱ्यांच्या डावांना दिली. आधी पेट्रोस्यान, मग बॉट्विनिकविरुद्ध जगज्जेतेपदासाठी झुंजणारा स्मिस्लोव. तेव्हा पाच तासांत न संपलेला डाव तहकूब व्हायचा. पुढची चाल पाकिटात बंद करून खेळाडू उठायचा, आणि मग साहाय्यकाची रात्र सुरू व्हायची. एखाद्या प्याद्याने पुढे जावं की थांबावं एवढ्याचसाठी दिवा पहाटेपर्यंत जळत राहायचा, आणि सकाळी सापडलेलं सगळं दुसऱ्याच्या ओंजळीत घालायचं. १९५७ मध्ये स्मिस्लोव जगज्जेता झाला. पुढे २०१० च्या मार्चमध्ये तो गेला आणि सहा आठवड्यांनी, नव्व्याण्णव पूर्ण करून तीनच दिवस झालेले असताना, लिलिएन्थाल. १९५० मध्ये पहिल्यांदा ग्रँडमास्टर ठरलेल्या सत्तावीस जणांतला तो शेवटचा.

हेस्टिंग्जचा डाव सगळ्या संग्रहांत असतो. त्या जागरणांतल्या चाली कुठे छापून येत नाहीत. आल्या असत्या, तर मी आधी त्याच मांडल्या असत्या.