जीवदया आणि जिवदया



गेल्या वर्षी आमच्या राळेगावच्या महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे आला. त्याआधी बरीच वर्षं तो एका काकूंकडे होता. लाल कापडी बांधणीची वही, निळ्या शाईतलं टपोरं अक्षर, आणि तारेत ओवलेल्या पावत्यांची चळत. वय झालं, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "खाती मिसळू देऊ नको."

ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. देवद्रव्य वेगळं, ज्ञानखातं वेगळं, जीवदया वेगळी, साधारण वेगळं. जीवदयेला आलेला रुपया मांडवाला लागता कामा नये. म्हणूनच मला वाटलं, हिशेब संगणकावर घ्यावा, म्हणजे कधीही कोणीही विचारलं तरी एका मिनिटात उत्तर देता येईल. माझी भाची पुण्याला माहितीसाठ्याचंच काम करते. तिने फोनवरून मला एसक्यूएल शिकवायला घेतलं.

नाव ऐकून घाबरू नका. माहितीला प्रश्न विचारण्याची ती एक ठरलेली भाषा आहे. १९७४ मध्ये आयबीएम कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी ती मांडली. पन्नास वर्षं झाली, तरी बँकांपासून दुकानांपर्यंत तीच चालते. 'सिलेक्ट' म्हणजे काय दाखवायचं, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या तक्त्यातून, 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. 'सम' बेरीज करतं आणि 'ग्रुप बाय' खात्याखात्याचे ढीग लावतं, आपण डाळ निवडताना खडे, फोल आणि दाणे वेगळे करतो तसंच. भाचीने एसक्यूलाइट नावाचं साधन घालून दिलं. ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

आपल्याकडे चौविहारामुळे जेवणं लवकर आटोपतात. संध्याकाळी सामायिक झालं की पुढची ४८ मिनिटंही मी या अभ्यासाला द्यायची ठरवली. सासूबाई हसून म्हणायच्या, "दोन सामायिक करते वाटतं सूनबाई!"

सरावासाठी भाचीने आधी मंडळाचा हिशेब घेऊ दिला नाही. "मामी, दुसऱ्याच्या वहीवर हात बसवा," म्हणाली. २४ एप्रिल २०२० पासून 'ई-ग्रामस्वराज' हे सरकारी संकेतस्थळ सुरू आहे. त्यावर ग्रामपंचायतींचे आराखडे आणि खर्च कोणालाही पाहता येतात. राळेगावला नगरपंचायत आहे, म्हणून मी तालुक्यातलं एक गाव घेतलं आणि त्याच्या नोंदी एका तक्त्यात उतरवल्या. तिथे मला मौज वाटली. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीचे दोन भाग आहेत. ६० टक्के 'बंधित', त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठीच. उरलेला ४० टक्के 'अबंधित', गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगाराला त्यातूनही नाही. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सरकारचंही देवद्रव्य आणि साधारण वेगळंच आहे की!"

हात बसला तसा मी मंडळाच्या पावत्या टंकायला घेतल्या. कापसाच्या हंगामाचे दिवस, घरात माणसांची ये-जा, चहा-पाणी. दोन संध्याकाळी वीज गेली. कधी चार ओळी, कधी वीस, असं करत वर्षाचा खर्च भरला आणि पहिला प्रश्न विचारला, जीवदयेचाच. अट घातली, खातं बरोबर 'जीवदया'.

उत्तर आलं, खर्च ३७,००० रुपये. दान ६१,००० होतं, म्हणजे शिल्लक २४,००० हवी. काकूंच्या वहीत मात्र खर्च ४७,५०० आणि शिल्लक १३,५००. फरक १०,५०० रुपयांचा.

मी प्रश्न पुन्हा विचारला. तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारला. तेच. मनात आलं, पावत्या ३७,००० च्या आणि वहीत खर्च ४७,५००, मग वरचे गेले कुठे? यंत्र कशाला खोटं बोलेल?

इथे मी चुकले. रात्री गप्प बसायचं सोडून, दुसऱ्या दिवशी दर्शनाहून परतताना एका मैत्रिणीला बोलून गेले, "काकूंच्या वहीत साडेदहा हजार जुळत नाहीत गं." एवढंच बोलले. चोरी हा शब्द मी उच्चारला नाही. पण ऐकणाऱ्याला तो ऐकू आलाच.

भाचीचा फोन रात्री लागला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मामी, सगळ्या खात्यांची मिळून एकूण बेरीज वहीशी जुळते का?"

ती मी पाहिलीच नव्हती. पाहिली. रुपयाला रुपया जुळली.

"मग पैसे कुठे गेले नाहीत. तुमच्याच तक्त्यात दुसऱ्या नावाखाली बसलेत. आता अट काढून टाका आणि 'ग्रुप बाय' लावून सगळी खाती बघा."

खाती पाच होती. पडद्यावर सहा ओळी आल्या. जीवदया, आणि तिच्याखाली जिवदया. सरकी ढेप ४,०००, कुटार ३,५००, जनावरांची औषधं ३,०००. त्या तीन नोंदी वीज गेली त्या संध्याकाळी मी घाईत टंकल्या होत्या, ऱ्हस्व वेलांटी देऊन. माणूस दोन्ही शब्द एकच वाचतो. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. शब्दामागे एक मोकळी जागा राहिली तरी त्याला तो वेगळाच. यंत्र खोटं बोललंच नव्हतं. मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर त्याने दिलं होतं.

सख्यांनो, अठरा पापस्थानकं आपण प्रतिक्रमणात किती वेळा म्हणतो. तेरावं अभ्याख्यान, खोटा आळ घेणं. मला नेहमी वाटायचं, हे आपल्या वाट्याला येणारं पाप नाही, आपण कुठे कोणावर आळ घेतो! एका वेलांटीने ते माझ्या दारात आणून उभं केलं.

सकाळी काकूंकडे जायला निघाले, तर त्याच दारात उभ्या. गोष्ट पोचली होती. हातात पावत्यांची दुसरी तार, त्यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या नकलांची. रागावल्या नाहीत. ओट्यावर बसून म्हणाल्या, "बाळ, विचारायचं होतं ना मला. रात्रभर एकेक पावती भिंगाखाली धरून पाहिली मी." मी त्यांच्या पायाशी बसले आणि मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. हा शब्द संवत्सरीला सगळ्यांना म्हणतो, पण त्या दिवशी तोंडातून निघेना. मग लॅपटॉप आणून दोन्ही वेलांट्या मोठ्या करून दाखवल्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणून मी खात्यांना आकडे दिले होते. पानाच्या कोपऱ्यात बघ." खरंच होते. एक ते पाच. मी त्यांना पानांचे क्रमांक समजले होते.

त्यानंतर त्या मैत्रिणीकडे गेले, आणि तिने जिला सांगितलं होतं तिच्याकडेही. तिसरी वर्ध्याला माहेरी गेली होती, तिला फोन केला. गोष्ट त्यापुढे गेली की नाही, हे मला आजही माहीत नाही. तक्त्यातली नोंद एका ओळीत सुधारता आली, हे काही तसं सुधारलं नाही.

आता मंडळाच्या तक्त्यात खात्यांची नावं टंकत नाही. नावांचा वेगळा छोटा तक्ता आहे आणि खर्चाच्या ओळीत काकूंचेच आकडे आहेत. दर महिन्याला आधी एकूण बेरीज, मग खात्यांची यादी, आणि शेवटी एखाद्या खात्याचा प्रश्न, असा क्रम ठेवला आहे. जुळलं नाही तर आधी माझं टंकन, मग पावती, मग वही, आणि वही लिहिणाऱ्याला घरी जाऊन विचारायचं. वाटेत कोणाला काही सांगायचं नाही.

तुमच्याही मंडळाचा किंवा बचत गटाचा हिशेब असाच एखाद्या वहीत असेल. सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्याने हिशेब ठेवावा आणि तपासून घ्यावा लागतोच, पण लहान मंडळांनीही तो उघडा ठेवावा. शिकायला वय आड येत नाही, मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले. फक्त वही देणाऱ्या बाईला शेजारी बसवून शिका. आमच्या काकू आता महिन्यातून एकदा येतात. मी प्रश्न टंकते आणि उत्तर येण्याआधीच त्या तोंडी आकडा सांगतात.

आतापर्यंत एकदाही चुकल्या नाहीत.